बाळाच्या नावाचं स्पेलिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारसं होतं, आत्या पाळण्यापाशी वाकून कानात कुर्र करते, पेढे वाटून होतात आणि मग घरात प्रश्न येतो : इंग्रजीत कसं लिहायचं? शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर सांभाळताना हा प्रश्न आमच्यापर्यंत पोचतो तो पाच-सहा वर्षांनी. तोवर एकाच मुलाचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे छापलेलं असतं. पालक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. इंग्रजी अक्षरं मुद्दाम त्यांच्या नावांनी लिहिली आहेत, कारण खिडकीवर आणि फोनवर ती तशीच सांगावी लागतात.

१. नाव मराठीत ठरलंय. मग इंग्रजी स्पेलिंगवर एवढा खल कशाला?

मराठीत नाव उच्चाराप्रमाणे लिहिता येतं, रोमन लिपीत ती सोय नाही. त-ट, द-ड, न-ण, ल-ळ या जोड्यांना तिथे एकेकच अक्षर. त्याहून मोठी कटकट शेवटच्या ‘अ’ची. आर्य आणि आर्या, काव्य आणि काव्या, आराध्य आणि आराध्या, दोघांचंही नेहमीचं स्पेलिंग एकच होतं. मुलाचं नाव शौर्य ठेवलं की नव्या बाई हजेरीत ‘शौर्या’ वाचणार, हे गृहीत धरा. महाराष्ट्रात जन्मदाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत मिळतो, पण पासपोर्ट, बँक, विमानाचं तिकीट ही सगळी कामं इंग्रजी ओळीवर चालतात. म्हणून खल करायचाच तर दाखला निघायच्या आधी करा.

२. ‘वेगळं’ स्पेलिंग म्हणजे नेमकं कशाला म्हणायचं?

ते तुम्ही कुठे राहता यावर आहे. ‘ज्ञ’ घ्या. आपण त्याचा उच्चार ‘द्न्य’ करतो, म्हणून आपली प्रज्ञा पी-आर-ए-डी-एन-वाय-ए. हिंदी मुलखात तीच जी-वाय लावून ‘प्रग्या’ होते, गुजरातेत जी-एन लावून ‘प्रग्ना’, आणि संस्कृतचे अभ्यासक जे-एन लिहितात. दिल्लीच्या माणसाला डी-एन-वाय विचित्र वाटतं, पण आळंदीच्या वाटेवर ज्ञानेश्वरांचं नाव दुसऱ्या कुठल्या प्रकारे लिहिलेलं दिसणार? ‘ऋ’चंही तसंच. मृणाल, अमृता, ऋतुजा या नावांत आपण आर-यू घालतो, उत्तरेत आर-आय. दक्षिणेत ‘त’साठी टी-एच वापरतात, त्यामुळे बंगळुरात वाढणाऱ्या मराठी लताच्या नावात शाळेतून एक एच आपोआप येऊन बसतो.

हे वेगळेपण प्रदेशाचं आहे आणि ते मुलाला काहीच त्रास देत नाही. ज्याला पुढे उत्तरं देत बसावं लागतं ते वेगळं असतं : दोन व्ही, मूक एच, आयच्या जागी वाय, क्षच्या जागी एक्स. त्यातही एक्स आपल्याकडे लक्ष्मण आणि दीक्षित यांच्यात इतका रुळलाय की त्याला कोणी हटकत नाही.

३. बाळाचं नाव अजून ठरलं नाही. जन्माची नोंद अडेल का?

नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, पण नावाचा रकाना कोरा ठेवता येतो. बाळ रुग्णालयात जन्मलं असेल तर खबर रुग्णालयच देतं. नाव नंतर घालता येतं : १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. डिस्चार्जच्या गडबडीत परिचारिकेने ‘नाव काय लिहू?’ विचारलं म्हणून घाईत काहीतरी सांगू नका. रकाना कोरा ठेवणं हा तुमचा हक्क आहे. एकदा भरलेलं नाव बदलणं मात्र वेगळंच प्रकरण आहे (प्रश्न १२ पाहा).

पण कोरा दाखला वर्षानुवर्षं ठेवू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू झाला आहे. त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, मतदारयादी या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

४. अर्जावर नाव लिहिताना काय सांभाळायचं?

मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी स्वतः भरा. इंग्रजी मोठ्या लिपीतल्या सुट्या अक्षरांत लिहा. यू आणि व्ही, आय आणि जे, ओ आणि डी हाताने लिहिताना एकमेकांत मिसळतात. ध्रुवच्या नावात यू आणि व्ही लागोपाठ येतात, तिथे हमखास घोटाळा होतो. नोंद संगणकात घातल्यावर कर्मचाऱ्याला पडदा आपल्याकडे वळवायला सांगा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. मागे रांग असते, लोक कुरकुरतात. कुरकुरू दे.

शक्यतो टिंब, उद्‌गारचिन्ह, वरचा स्वल्पविराम, आकडा यांपैकी काहीही नावात घालू नका. एका ठिकाणी चालून गेलं तरी दुसरी यंत्रणा ते गाळते, आणि तेवढ्यावरून दोन नोंदी जुळत नाहीत.

५. अंकशास्त्रवाल्यांनी एक जादा अक्षर लावायला सांगितलंय. लावावं का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. श्रद्धेचा भाग तुमचा तुम्ही ठरवा, आम्ही फक्त हिशेब मांडतो.

आरव हे नाव घ्या. ए-ए-आर-ए-व्ही. आपल्याकडे जास्त चालते ती कीरो या हस्तरेषावाल्यामुळे गाजलेली खाल्डियन पद्धत. तिच्यात एला १, आरला २, व्हीला ६. बेरीज ११, म्हणजे २. एक ए काढला तर १०, म्हणजे १. शेवटी आणखी एक व्ही जोडला तर १७, म्हणजे ८. आता तेच नाव पायथागोरसच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत मोजा. तिथे ए १, आर ९, व्ही ४. डबल एचा आरव १६, म्हणजे ७. एका एचा १५, म्हणजे ६. दोन व्हींचा २०, म्हणजे २. नाव तेच, मूल तेच, आणि आकडा कुठल्या तक्त्यावर बोट ठेवलं त्यावर. खाल्डियन तक्त्यात ९ हा अंक तर कुठल्याच अक्षराला दिलेला नाही.

शिवाय कोणी फक्त पहिलं नाव मोजतात, कोणी वडिलांचं नाव आणि आडनाव धरून. त्यामुळे ‘शुभ’ स्पेलिंग मागितलंत की ते मिळणारच, प्रश्न फक्त कुणाकडे गेलात याचा. मोठ्या माणसांनी स्वतःची स्पेलिंगं बदलल्याची उदाहरणं सगळ्यांना ठाऊक आहेत. जयललिता यांनी २००१ मध्ये इंग्रजी नावाच्या शेवटी आणखी एक ए लावला होता. पण त्यांना खिडकीवर उभं राहून स्पेलिंग सांगावं लागत नव्हतं, तुमच्या मुलाला लागणार आहे.

तरीही लावायचंच ठरलं तर असं अक्षर निवडा ज्याने वाचन बिघडत नाही. डबल ए निभावतो (प्रश्न ७). डबल व्ही निभावत नाही : इंग्रजीवरून आपोआप मराठी करणारी यंत्रणा त्याचा ‘आरव्व’ करून ठेवू शकते. आणि जे ठरेल ते पहिल्याच दाखल्यात घाला. जन्मदाखला एका स्पेलिंगचा आणि दुसरीतल्या वहीवर ‘शुभ’ स्पेलिंग, यात कोणाचंच शुभ होत नाही.

६. नक्षत्राच्या चरणावरून ‘ण’ अक्षर आलंय. इंग्रजीत एन चालेल ना?

इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. अवकहडा चक्रात २७ नक्षत्रांच्या चार-चार चरणांना १०८ अक्षरं दिलेली आहेत, आणि ती उच्चाराची आहेत. अश्विनीचे चू, चे, चो, ला. हस्ताचे पू, ष, ण, ठ. रोमन अक्षराचा त्यात काही संबंध नाही, त्यामुळे स्पेलिंग कसंही केलं तरी पत्रिकेतलं अक्षर पाळलं किंवा मोडलं जात नाही. ण, ङ, ञ यांवरून मराठीत नावं सुरू होत नाहीत, म्हणून तिथे जवळचं अक्षर घेण्याची पद्धत आहे. घरचे गुरुजी सांगतील. अनेक घरांत जन्मनाव पत्रिकेपुरतं आणि व्यवहारातलं नाव वेगळं, ही जुनीच सोय आहे. दाखल्यावर व्यवहारातलंच घाला.

७. आरव, ईशान, वेदा : डबल ए, डबल ई लावावं का?

पहिल्या दीर्घ ‘आ’साठी डबल ए ही आता विचित्र गोष्ट राहिलेली नाही. उलट ‘अ’ आणि ‘आ’ वेगळे दाखवायला ते बरं पडतं, अनय आणि आनय एकाच वर्गात असतील तेव्हा विशेषच. शेवटचा डबल ए कमी उपयोगाचा. मुलीच्या नावाच्या शेवटी तो नसला तरी लोक ‘आ’च वाचतात. मुलाच्या नावात मात्र शेवटचा एकुलता एसुद्धा गाळण्याकडे हल्ली कल आहे, आणि आमच्या मते तो बरोबर आहे : अथर्वच्या शेवटी ए नसेल तर त्याचा अथर्वा होत नाही.

डबल ई आणि डबल ओ वाचायला सोपे आहेत, पण ऐकून लिहिणारा माणूस बहुधा आय किंवा यूच लिहितो. हाक मारताना फरक नाही, कागद जुळवताना आहे.

८. मराठीत ‘अदिति’ बरोबर की ‘अदिती’?

मराठीच्या लेखननियमांनुसार व्यक्तिनामांतला शेवटचा इकार-उकार दीर्घ : अदिती, श्रुती, हरी, विष्णू. हिंदी आणि संस्कृतात ऱ्हस्व. म्हणून हिंदी वळणाच्या यंत्रणेतून आलेल्या कागदावर तुमची श्रुती ‘श्रुति’ झालेली दिसेल. जन्मदाखल्यावर दीर्घच घाला.

देवनागरीतही ‘वेगळी’ स्पेलिंगं असतात, हे पालक विसरतात. ओंकार, ओमकार आणि ॐकार ही संगणकाच्या दृष्टीने तीन निरनिराळी नावं. ॐ हे एक स्वतंत्र चिन्ह आहे, ‘ओंकार’ शोधलं तर ‘ॐकार’ सापडत नाही. ऋतुजा-रुतुजा, स्पृहा-स्प्रुहा यांचंही तेच. पाळण्यावरच्या थर्माकोलवर ॐ काढा, सुरेख दिसतो. नोंदीत ओंकार लिहा.

९. ‘श्रीराज’ एकत्र लिहायचं की ‘श्री राज’ तोडून?

एकत्र. तोडलं की दुसरा तुकडा कुठे मधलं नाव होतो, कुठे आडनाव. आणि नुसत्या ‘श्री’ला बरेच अर्ज संबोधन समजून गिळतात.

१०. दाखल्यात आता आईचंही नाव येतं. त्याचा स्पेलिंगशी काय संबंध?

फार जवळचा. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात क्रम असा आहे : मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. म्हणजे जुळवायचे शब्द तीनाचे चार झाले. बाळाचं स्पेलिंग ठरवायला घर आठवडाभर बसतं आणि आईचं नाव मात्र आठवेल तसं सांगितलं जातं. आईच्या आधारवर, पदवीवर आणि पॅनवर वाय आहे की आय, एक ई की दोन, हे आधी बघा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर कुठलं घालायचं ते आधी ठरवा आणि पुरावा जवळ ठेवा.

११. आधारवर भलतंच छापून आलंय. शाळा म्हणते आधी ते दुरुस्त करा. खरंच गरज आहे?

आहे. ‘अपार’ या विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकासाठी यूडायस प्लसवरचं (शाळांच्या सरकारी संगणक-नोंदीतलं) नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. एक एच इकडचा तिकडे झाला तरी क्रमांक अडतो आणि वर्गशिक्षिका पालकांच्या ग्रुपवर यादी टाकतात. त्या यादीत आपल्या मुलाचं नाव दरवेळी का येतं, याचं कारण बहुधा पाळण्यापाशी ठरलेलं असतं.

आधारवरचं नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं. म्हणून जन्मदाखला हातात आल्यावर त्यावरूनच आधार काढा. आधी काढलेल्या आधारवर एक संधी वाया गेली असेल तर दुसरी जपून वापरा. पावतीवर सही करण्याआधी मराठी ओळही वाचा, ती बऱ्याचदा इंग्रजीवरून आपोआप तयार झालेली असते.

शाळेच्या बाजूने सांगायचं तर, पहिलीच्या प्रवेशाला जे नाव जनरल रजिस्टरला चढतं तेच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतं. नंतरच्या बदलाला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दहावीला मंडळाकडून प्रिलिस्ट, म्हणजे तपासायची कच्ची यादी, येते, तिच्यावर विद्यार्थ्याची सही असते. मुलं मित्राशी बोलत बोलत सही ठोकतात. त्या दिवशी मुलाला आदल्या रात्रीच स्पेलिंग पाठ करून पाठवा.

१२. जन्मदाखल्यावरचं स्पेलिंग बदलायचंय. कुठे जायचं?

आधी हे ठरवा की ती चूक आहे की तुमचा विचार बदललाय. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

तुम्ही अर्जात एक लिहिलं आणि छापलं दुसरंच, तर ती चूक. जिथे नोंद झाली त्या निबंधकाकडे, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत, कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती होते. लेखनिकी चूक निबंधक चौकशी करून सुधारतो. चूक मजकुराची असेल तर हकीकत माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं निवेदन द्यावं लागतं. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहितात.

‘आता आम्हाला वाय हवाय’ ही चूक नव्हे. त्यासाठी निबंधक सहसा हात वर करतो आणि लोक राजपत्राकडे वळतात. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये नावबदलाची सूचना छापून येते, अल्पवयीन मुलासाठी पालक अर्ज करतात. पण राजपत्र म्हणजे सगळीकडे आपोआप बदल नव्हे. ते जोडून आधार, शाळा, बँक असं दारोदार जावं लागतं. आधारच्या दोन संधींचा हिशेब इथेही लागू (प्रश्न ११).

तात्पुरतं काम अडलं असेल तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालतं. पण त्यावर वर्षानुवर्षं भागवू नका, प्रत्येक नव्या खिडकीला ते नव्याने पटवावं लागतं.

१३. पासपोर्टला कुठली स्पेलिंगं चालत नाहीत?

पासपोर्टच्या खालच्या बाजूला यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. तिथे नावासाठी फक्त इंग्रजीची २६ अक्षरं चालतात, डोक्यावर रेघ-टिंबं असलेली अक्षरं नाहीत. ४४ जागांच्या पहिल्या ओळीत नावासाठी ३९ उरतात. ज्ञानेश्वरीला एकटीलाच १२ लागतात. त्यात वडिलांचं नाव आणि लांबलचक आडनाव आलं की जादा एच-ए लावायची हौस तिथे महागात पडते. तिकीट काढताना पासपोर्टवर आहे तेच टाका, घरी लिहिता ते नको.

१४. आम्ही परदेशात आहोत. तिथल्या लोकांना वाचता येईल असं स्पेलिंग करावं का?

थोडं जरूर. इंग्रजी वाचणारा अथर्वमधला टी-एच त्यांच्या ‘थिंक’मधला वाचणार, ते टळत नाही. पण एक चाचणी नक्की करा : स्पेलिंग कागदावर लिहा, मराठी न येणाऱ्या सहकाऱ्याला मोठ्याने वाचायला द्या आणि त्याचा चेहरा बघा. आशित हे नाव ए-एस-एच-आय-टी असं लिहून शेवटची चार अक्षरं सुटी वाचा, मुद्दा कळेल. तिथे जादा ई घालणं हा शहाणपणा आहे.

ज्ञानदाचं डी-एन-वाय मात्र आम्ही तरी सोडणार नाही. पोलिश आणि आयरिश नावं शिकणाऱ्यांना तेही जमतं.

देशादेशांचे नियम वेगळे. जर्मनीत तर नोंदणी कार्यालय नाव नाकारूही शकतं. मुलाला भारतीय नागरिकत्व हवं असेल तर जन्मापासून वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करायची असते. तिथे तिथल्याच दाखल्यावरचं स्पेलिंग जसंच्या तसं द्या.

१५. आम्ही गोव्याचे. आजोबांच्या कागदांवर आडनाव पोर्तुगीज धाटणीचं आहे. बाळाला कुठलं लावू?

पोर्तुगीज अमदानीत ‘श’ला एक्स आणि ‘क’ला सी किंवा क्यू-यू लिहीत. बोरकरांच्या नावात के न येता सी आणि नाईकांच्या शेवटी क्यू-यू-ई, ही त्या काळची रीतसर स्पेलिंगं. १९ डिसेंबर १९६१ आधीच्या गोव्यातल्या जन्माच्या आधारे कोणी पोर्तुगालमध्ये नोंद करणार असेल तर आजोबा-बाबा-बाळ ही साखळी कागदावर जुळावी लागते. तसा विचार नसेल तर बाबांच्या आजच्या कागदांवर आहे तेच घ्या. नंतर बदलायचं झालं तर गोव्यात नावबदलाचा १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, प्रश्न १२ मधला महाराष्ट्राचा रस्ता तिथे लावू नका.

१६. नवरा एक स्पेलिंग म्हणतो, सासूबाई दुसरं. कोणाचं ऐकावं?

अर्जावर सही करणाऱ्याचं.

१७. मोठं झाल्यावर मुलालाच स्पेलिंग बदलावंसं वाटलं तर?

बदलू शकेल. जिज्ञा यादव विरुद्ध सीबीएसई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ रोजी नाव हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि प्रमाणपत्रांवरील बदल सरसकट नाकारता येणार नाहीत असं सांगितलं. अर्थात कागदपत्रं द्यावी लागतातच. व्यवहारात सोपा काळ दहावीच्या आधीचा. मुलगी सातवी-आठवीत ‘मला एकच ए हवा’ म्हणाली तर ते खूळ समजून उडवून लावू नका, त्याच वर्षी राजपत्राचं काम उरका. बारावीनंतर तोच बदल दोन गुणपत्रिका, प्रवेशपरीक्षेचा अर्ज, पॅन आणि बँक खातं एवढ्यांवर करायचा असतो, आणि तोही प्रवेशफेऱ्यांच्या ऐन धामधुमीत.